बाबांच्या हातची शिवण

आमच्या दुकानाला मुंबईहून येणारे लोक ॲडव्हेंचरचं दुकान म्हणतात आणि गावातले दोऱ्यांचं दुकान. दोन्ही खरं. बाबांनी सुरू केलं तेव्हा आत फक्त जाळी, शिसं, बोये आणि नायलॉनचे दोर होते. माझ्या ताब्यात आल्यावर तंबू आले, झोपायच्या पिशव्या आल्या, लाइफ जॅकेटं, गरीच्या काठ्या, क्रिकेटच्या बॅटी, व्हॉलीबॉल, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, त्यामुळे आठवडाभर दुकान माझं आणि माझ्या तोंडाचं. गिऱ्हाईक म्हणतं, ऑनलाइन स्वस्त मिळतं. मी म्हणते, मग मागवा आणि येईपर्यंत वाळूत उघड्यावर झोपा. आई होती तेव्हा म्हणायची, एवढं फटकळ बोलून तुझं दुकान चालतं तरी कसं. चालतं. माल चांगला असला की लोक ऐकून घेतात.

बाबा दारातल्या बाकावर बसायचे. ते आयुष्यभर तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर निघायची आणि त्यांच्या शब्दावर परत फिरायची. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला. मग ते जाळी सांधायला बसले. फाटकं जाळं मांडीवर घ्यायचं, भोक बोटांनी चाचपायचं आणि लाकडी सुईनं असं भरून काढायचं की जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं ते कळू नये. लांबलांबची माणसं त्यांच्याकडे जाळी घेऊन यायची. बाबांना एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे कुणी नवीन घेतो म्हटलेलं. छत्री, चप्पल, दप्तर, माझ्या लग्नातली बॅग, सगळं त्यांनी सांधलं. ‘नवीन घ्या’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. दुकानात बसूनसुद्धा ते गिऱ्हाइकाला सांगायचे, हा तंबू टाकू नका, आणा इकडं, मी शिवून देतो. मी कपाळाला हात लावायची.

पण हल्ली जाळी सांधायला बाहेरची कामगार पोरं ठेवतात, नाहीतर मालक सरळ नवं जाळं आणतो. बाबांकडे कुणी येईना. एक अख्खा पावसाळा ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. रस्त्यावरून जाणारा ओळखीचा माणूस दिसला की मान उचलायचे, तो हात करून पुढे गेला की मान खाली. कामाच्या माणसाला असं बसलेलं बघणं फार वाईट. मला तर दुकानात घास गोड लागत नव्हता.

मग धाकट्या भावानं छत्री घेतली. छत्री म्हणजे पॅरासेलिंग, किनाऱ्यावर आम्ही सगळे छत्रीच म्हणतो. जीपला लांब दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला पट्ट्यात बांधलेला माणूस आणि माणसाच्या मागे मोठी रंगीत छत्री. जीप ओल्या वाळूवरून पळाली की माणूस वर. ते पट्टे मांडीला, कमरेला आणि छातीला आवळतात, आणि माणूस वर असतो तेवढा वेळ त्या पट्ट्यांशिवाय त्याला कशाचाही आधार नसतो. ऊन आणि खारं पाणी, दोन्ही रोजचं. पट्ट्यांची शिवण उसवायला लागली तशी भावानं ते आणून बाबांच्या मांडीवर टाकले.

बाबांचा चेहरा त्या दिवशी कसा उजळला ते मी पाहिलंय. जाळ्याचाच धागा, जाळ्याचीच गाठ, फक्त सुई दाभणासारखी जाड. भरलेलं जाळं, लाटेचा मार, होडीचा ओढा, एवढं सगळं ज्या शिवणीनं आमच्या पिढ्यांना धरून ठेवलं, ती एका माणसाला धरणार नाही असा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. कोळ्याच्या घरात तो येतच नाही. सांधलेलं जाळं नव्याहून बरं, हे आम्ही दुधाबरोबर प्यायलेलो. बाबा पुन्हा सकाळी अंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून बाकावर येऊन बसायला लागले आणि मला बरं वाटायला लागलं.

अशात डिसेंबरात एका दुपारी ते आले.

आधी मी ओळखलंच नाही. बुटका, वाळलेला म्हातारा, कानात यंत्र, पायात सपाता, हातात कापडी पिशवी आणि तिचा एक बंद तुटून लोंबत असलेला. खडकावरून गरी टाकायची आहे, साधं रीळ दाखवा म्हणाले. मी तीन-चार काढून ठेवली. त्यांनी एकेक हातात घेऊन फिरवलं, कानाशी नेलं आणि परत ठेवलं. मी म्हटलं, आजोबा, ते रीळ आहे, ट्रान्झिस्टर नाही, गाणं लागणार नाही. ते हसले. हसताना डाव्या भुवईवरचा व्रण वर गेला आणि माझ्या हातातलं रीळ सुटून काउंटरवर पडलं.

तो व्रण आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या फोटोत होता. सातवीत मी त्यांच्यावर भाषण पाठ केलं होतं आणि स्टीलचा पेला बक्षीस मिळवला होता. लढाईत शत्रूनं विमान पेटवलं, ह्यांनी उडी मारली, दलदलीत पडले, मोडक्या पायानं सरपटत स्वतःच्या हद्दीत आले आणि पाय सांधल्याबरोबर पुन्हा विमानात बसले. गावात तर ती गोष्ट सांगता सांगता इतकी वाढली होती की एक जण त्यांना नदी पोहून आणायचा आणि दुसरा वाघाच्या तोंडातून. निवृत्त झाल्यावर त्यांनी पलीकडच्या गावात सुपारीच्या वाडीत घर घेतलंय, असं ऐकून होते. पण दंतकथेतला माणूस सपाता घालून रीळ घ्यायला येईल असं कुणाला वाटतं? मी आजोबा म्हटलं, ट्रान्झिस्टर म्हटलं, मेले मी लाजेनं. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. ते म्हणाले, खुर्ची पुसू नका, मला रीळ द्या.

बाबांना मी ओरडून सांगितलं कोण आलंय ते. बाबा उठायला लागले, तर त्यांनीच खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि शेजारी बाकावर बसले. बाबांची नजर पहिल्यांदा पिशवीच्या तुटक्या बंदावर गेली. द्या सायब, आत्ता टाचून देतो म्हणाले. ते म्हणाले, राहू दे, पुन्हा कधीतरी. मग दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, वाऱ्याच्या, ढगांच्या, कुठली दिशा कशी फसवते त्याच्या. दोघांनाही कमी ऐकू येत असल्यानं रस्त्यापर्यंत आवाज जात होता. बाबा तांडेल होते हे कळल्यावर ते त्यांना तांडेल अशीच हाक मारायला लागले. बाबांची छाती फुगली. त्यांनी आमच्याकडची एक पद्धत सांगितली. होडीची फळी बदलली की बदलणाऱ्या सुतारानं पहिल्या फेरीला स्वतः होडीत बसायचं. तो बसल्याशिवाय एकही खलाशी पाय ठेवणार नाही. मग सुतार कितीही मोठा असो आणि समुद्र कसाही असो.

त्यांना ती पद्धत फार आवडली. चांगली आहे, म्हणाले, फार चांगली आहे.

आणि तेव्हाच त्यांचं लक्ष बाबांच्या मांडीवरच्या पट्ट्याकडे गेलं. त्यांनी तो उचलला. अंगठ्यानं शिवणीवरून हात फिरवला, पट्टा उलटा केला, उजेडात धरला, दोन्ही हातांत वाकवून बघितला. ह्याच वेळी भाऊ पट्टा न्यायला आला. समोर कोण बसलंय हे मी सांगितल्यावर त्यानं आधी पाया पडून घेतलं आणि मग फोन काढला. एक फोटो सर, एकच. त्यांना काही कळायच्या आत फोटो निघालेसुद्धा. हातात पट्टा, शेजारी बाबा, मागे माझ्या दुकानातली लाल लाइफ जॅकेटं.

ते भावाकडे बघतच नव्हते. त्यांनी विचारलं, हे कशाला वापरता? भावानं अभिमानानं सांगितलं. मग ते बाबांकडे वळले आणि सावकाश म्हणाले, “तांडेल, मग ह्या पट्ट्यांवर पहिलं कोण बसलं?”

बाबांनी सुई बाकावर ठेवली. भाऊ हसत होता, त्याचं हसू तिथंच राहिलं.

त्यांनी पट्टा मांडीवर ठेवला आणि त्यांचा एक मित्र होता असं सांगायला लागले. शिकाऊ असतानाची गोष्ट. दोघं एकाच विमानातून उड्या मारायचे, मित्र पुढे, हे मागे. मित्राच्या पट्ट्याची शिवण उसवली होती आणि तिथल्याच एका कारागिरानं ती पुन्हा घातली होती. उडी मारल्यावर छत्री उघडली, झटका बसला आणि पट्टा शिवणीशेजारी फाटला. हे वरून बघत होते. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. फक्त शेवटी म्हणाले, “काम सुरेख होतं. सुरेख होतं म्हणून कुणी पुन्हा बघितलं नाही.”

जाळ्याचं निराळं, असं त्यांनी समजावून सांगितलं. जाळ्याचा एक डोळा गेला तर शेजारचे शंभर धरून ठेवतात. इथं शेजारी कुणी नाही. पट्टा उन्हानं आतून कुजतो, वरून दिसत नाही, आणि कुजक्या पट्ट्यात सुईची जेवढी भोकं पाडाल तेवढा तो आणखी कमजोर होतो. ह्याच्यावर माणूस चढवू नका, नवीन मागवा. भाऊ हो सर, बदलतो सर, नाताळची गर्दी ओसरली की लगेच बदलतो सर, म्हणाला. ते म्हणाले, ओसरली की नाही, आज. मग रीळ न घेताच उठून गेले. त्यांची तुटक्या बंदाची पिशवी जाताना रस्त्यावर घासत होती.

त्या दुपारी बाबा जेवले नाहीत. मी ताट ठेवलं, उचललं. बऱ्याच वेळानं एकदम उसळून म्हणाले, त्याला इमानातलं कळतंय, दोराचं काय कळतंय? माझ्या हातचं जाळं कधी फाटलंय का, विचार जा बंदरावर. मला हो म्हणावंसं वाटत होतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी त्या मोठ्या माणसाचा मला रागच आला. चांगलं चाललं होतं माझ्या म्हाताऱ्याचं, हा कुठून आला? पण पट्टा मी हातात घेऊन वाकवला तेव्हा आतून बारीक करकर ऐकू आली, वाळलेला पापड दाबल्यासारखी. शनिवार-रविवार तोंडावर होता, किनाऱ्यावर माणूस मावणार नव्हता आणि त्यातलं कोण त्या पट्ट्यात लटकणार होतं कोण जाणे.

भावाला मी सोडलं नाही. घरी गाठून बडबड बडबड बडबडले. तो म्हणाला, ताई, एवढे दिवस काही झालं का? नवीन यायला वेळ लागतो, हाच आठवडा आमचा, आणि बाबांची शिवण आहे, कुणा लुंग्यासुंग्याची नाही. ‘माझ्या हातचं जाळं कधी फाटलंय का’ हे बाबांचं वाक्य त्याला पुरलं होतं. त्याच्या दृष्टीनं घरातल्या वडीलधाऱ्यानं निकाल दिला, विषय संपला.

शनिवारी सकाळी दुकान उघडायला गेले तर किनाऱ्याच्या वळणावर फ्लेक्स. माणसापेक्षा मोठा. त्यावर ते, हातात पट्टा घेऊन निरखून बघताहेत, शेजारी बाबा. खाली लिहिलेलं, आमची साधनं युद्धवीरांनी स्वतः तपासलेली आहेत. मी तिथंच रस्त्यात उभी राहिले. मागून टेम्पोवाला हॉर्न मारतोय, मला भान नाही. ज्या माणसानं चढवू नका म्हणून सांगितलं, त्याचंच तोंड लावून तू लोकांना चढवतोस? असला संताप मला कधी आला नव्हता. मी भावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. उचलणार कसा, त्याला माझा आवाज माहीत आहे.

मी रीळ पिशवीत टाकलं, स्कूटर काढली आणि सुपारीच्या वाडीत गेले. ते अंगणात माडाच्या वाळक्या झापांवर पाणी मारत होते. मी सगळं सांगितलं आणि फोनवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. आत जाऊन सपाता घालून आले आणि स्कूटरवर मागे बसले. रीळ मी देत होते ते त्यांनी घेतलं नाही.

किनाऱ्यावर जत्रा भरलेली. उंट, घोडागाडी, भेळ, आणि छत्रीला रांग. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई वर होती. पिवळी ओढणी कमरेला गच्च बांधलेली, वरून किंचाळत हसत होती, आणि तिचा नवरा खालून शूटिंग करत होता. ती उतरली तसे ते रांगेपुढे जाऊन उभे राहिले आणि लोकांना सांगायला लागले की ह्यात बसू नका, पट्टा खराब आहे.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून मला कसंतरी होतं. फ्लेक्स मागे होताच. लोकांनी फ्लेक्सवरचं तोंड बघितलं, समोरचं तोंड बघितलं आणि एकदम गराडा घातला. सर सेल्फी. सर, माझे वडील पण आर्मीत होते. सर, इकडे बघा. ते घसा ताणून तेच तेच सांगत होते आणि लोक हसून माना डोलावत होते. कुणीतरी म्हणालं, सर किती साधे आहेत बघ. कुणी भारत माता की जय म्हणालं, त्याला सगळ्यांनी साथ दिली आणि त्या आवाजात त्यांचा आवाज गेला. एका पोरीनं मला बाजूला सरकायला सांगितलं, फोटोत येत होते म्हणून. एवढा मोठा माणूस, अख्ख्या जिल्ह्यानं डोक्यावर घेतलेला, आणि त्याचं एक वाक्य ऐकायला कुणी तयार नव्हतं. मी घसा फाटेस्तोवर ओरडले तर एक जण म्हणाला, मावशी, तुमची पण छत्री आहे का? धंद्याची भांडणं घरी करा.

मी हरले होते. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बाबा आले.

गुडघ्यांमुळे बाबांनी कित्येक महिन्यांत वाळूत पाय ठेवला नव्हता. काठी रुतत होती, ते उपसत होते. वळणावरचा फ्लेक्स त्यांनीही बघितला असणार. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, जो ते फक्त लग्नकार्याला घालतात, आणि डोक्याला नवा रुमाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही. सरळ छत्रीजवळ जाऊन उभे राहिले, काठी वाळूत रोवली आणि दोन्ही हात बाजूला केले.

“बांध,” ते भावाला म्हणाले. “माझ्या हातचं काम हाय. पयला मी बसनार.”

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या वाजल्या, फोन वर झाले. भाऊ हसून बाबांना बाजूला घ्यायला गेला. बाबा हलले नाहीत. सुतार बसतो का न्हाय पयल्या फेरीला, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबांनी पुढे येऊन त्यांचा हात धरला, तर बाबांनी तो हात हळूच सोडवला. मी जाऊन बाबांना मिठी मारावी का भावाच्या थोबाडीत द्यावी हे मला कळेना. बाबा खरंच चढायला आले होते की काय होतं त्यांच्या मनात, ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. समुद्रावर जाताना असायचा तसाच चेहरा होता.

मग भाऊ खाली वाकला. रागानंच वाकला, म्हातारा ऐकत नाही तर बघू किती टिकतो, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. त्यानं मांडीचे पट्टे आवळले. कमरेचा आवळला. छातीचा घेतला आणि तो आवळताना त्याचा हात त्या शिवणीवर आला. तिथं तो थांबला. त्यानं पट्टा जरा ओढून बघितला. मग वाकवला. मग मान तिरकी करून, जवळून, बोटानं, एकेक टाका बघायला लागला. रोज तो पट्टा त्याच्या हातातून जात होता, पण त्यानं तो बघितला त्या दिवशी. जीपमधल्या माणसानं विचारलं, ओढू का? भावानं हात वर करून नको म्हटलं. त्याला कडी लावता येईना. कडी हातात, दोर हातात, आणि हात पुढे जाईना.

“बाबा, निघा ह्यातून,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

बाबा म्हणाले, “का रं? लोकांची पोरं चालतात, बाप चालत न्हाय?”

भाऊ वाळूत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वर धरलेले फोन खाली आले. ज्यांना साहेबांचं कळलं नव्हतं त्यांना हे कळलं. पिवळ्या ओढणीची बाई तिथंच उभी होती, तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि ती रडायला लागली. साहेबांनी गुडघे टेकून बाबांच्या मांडीची बकलं सोडवली. बकलं एका झटक्यात सुटली.

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. तो छातीचा पट्टा होडी बांधायच्या खांबाला अडकवायला लावला, दुसरं टोक जीपला, आणि भावालाच जीपमध्ये बसवलं. ओढ म्हणाले. जीप जेमतेम हलली असेल. फट्कन आवाज झाला आणि अर्धा पट्टा वाळूवर पडला.

बाबांनी तो तुकडा उचलून आणायला लावला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पट्टा शिवणीला लागून, आडवा फाटला होता. बाबांची शिवण जशीच्या तशी होती. एक टाका हलला नव्हता. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, साहेबांनी दुकानात फिरवला होता तसाच. मग विचारलं, “सायब, तुमच्या दोस्ताचा पट्टा ज्यानं शिवला होता, त्याचं मागनं काय झालं?”

साहेबांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं, मी पुन्हा सांगणार होते. पण त्यांना ऐकू आलं होतं.

“ठाऊक नाही, तांडेल,” ते म्हणाले. “आम्ही कुणी त्याला विचारायलाच गेलो नाही.”

बाबांनी मान हलवली, जणू त्यांना तेच ऐकायचं होतं.

फ्लेक्स भावानं त्याच दुपारी स्वतःच्या हातानं काढला. छत्री त्या हंगामात पुन्हा उडाली नाही. पुढच्या वर्षी नवे पट्टे आले आणि त्याचं सुरू झालं, पण चढवायच्या आधी तो प्रत्येक पट्टा वाकवून कानाशी नेतो. लोक हसतात. हसू देत.

साहेब आता संध्याकाळी अधूनमधून येतात. रीळ त्यांनी अखेर घेतलं, मासा अजून एकही मिळालेला नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगते. ते आणि बाबा बाकावर शेजारीशेजारी बसतात. पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत. बाबांची सुई आणि धाग्याचं रीळ गल्ल्याशेजारच्या खणात पडलेलं आहे, मी मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवते आणि ते दुपारपर्यंत पुन्हा खणात गेलेलं असतं.

परवा साहेबांनी ती कापडी पिशवी आणली. बंद अजून तुटलेलाच. मला वाटतं त्यांनी तो मुद्दाम तसाच ठेवला असावा. टाचून देता ना, तांडेल, तुम्ही म्हणाला होतात, असं म्हणून त्यांनी ती बाबांच्या मांडीवर ठेवली. मी काउंटरमागे हातातलं काम सोडून बघत होते. बाबांनी पिशवी घेतली, बंद जोडायच्या जागेवर बोटं फिरवली, कापड वाकवून कानाशी नेलं. मग पिशवीची नीट घडी केली आणि परत दिली.

“नवी घ्या, सायब,” ते म्हणाले.